मुंबईतील प्लेग व नागरी आरोग्य धोरण

मुंबई शहरात सप्टेंबर १८९६ मध्ये ग्रंथिक प्लेगची साथ उद्भवली आणि त्यानंतर सु. पंचवीस वर्षे ती कमीअधिक तीव्रतेने दरवर्षी परतत राहिली. या साथीचे जंतुशास्त्रीय व वैद्यकीय अंग सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखात विचार केला आहे तो तिच्या निमित्ताने आखल्या गेलेल्या धोरणाचा. रोग कोणाला व का होतो, यासंबंधीची समजूत राज्यकर्त्यांच्या वंशविषयक व वर्गविषयक कल्पनांतून घडली. उपायांची सक्ती कोणावर करावयाची व कोणाला सवलत द्यावयाची, हे त्या त्या समाजगटाच्या राजकीय व आर्थिक वजनावरून ठरले. रोगाविषयीचे ज्ञान पुढे पालटले, परंतु धोरणात बदल झाले ते बहुतेक वेळा ज्ञान पालटण्यापूर्वीच आणि निराळ्या कारणांनी झाले.

पार्श्वभूमी : हिंदुस्थानात सार्वजनिक आरोग्याचा विचार प्रथम लष्कराच्या अनुषंगाने झाला. १८५७ च्या उठावानंतर नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ मध्ये दिलेल्या अहवालात हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांचे वार्षिक मृत्युमान दर हजारी ६९ असल्याचे दाखविले. त्यावर उपाय म्हणून छावण्यांची जागा, पाणी, सांडपाणी व बराकींतील हवा यांकडे लक्ष पुरविण्यात आले. लगतच्या देशी वस्तीचा विचार झाला तो मुख्यतः छावणीला असलेला धोका म्हणून. पुण्यात ‘कँप’ व ‘शहर’ असे जे द्वैत निर्माण झाले, त्याचे मूळ पुष्कळसे यातच आहे. मुंबईत छावणी व शहर अशी उघड विभागणी नव्हती. तथापि कोटातून मलबार हिल, खंबाला हिल यांसारख्या उंच व मोकळ्या जागी राहावयास गेलेले यूरोपीय व त्यांच्या शेजारी बंगले बांधणारे श्रीमंत पारशी, हिंदू व मुसलमान व्यापारी एकीकडे आणि मांडवी, डोंगरी, चक्ला, कामाठीपुरा येथील दाट वस्ती दुसरीकडे, अशी वर्गीय विभागणी १८९६ पूर्वीच पक्की झाली होती. येथे वंशाची रेषा वर्गाच्या रेषेने थोडी पुसट केली होती, ही गोष्ट पुढील घटना समजण्यास महत्त्वाची आहे.

शहराला पाणी मिळाले ते विहार (१८६०), तुळशी (१८७९), पवई व तानसा (१८९२) या जलाशयांतून. पाणी आले, पण ते वाहून नेणारी गटारे मागे राहिली. गटारांवर खर्च करावयाचा म्हणजे घरपट्टी वाढवावयाची आणि घरपट्टीविषयी निर्णय घेणारे सभासद बहुधा घरमालकच असत. १८८८ च्या कायद्याने महापालिकेच्या ७२ जागांपैकी ३६ वॉर्डांतून निवडून द्यावयाच्या होत्या. बाकीच्या न्यायाधीश (जस्टिस ऑफ द पीस), विद्यापीठ, व्यापारी मंडळ व सरकार यांच्याकडे होत्या. मताधिकार करदात्यांपुरता होता. चाळीतील भाडेकरूला त्यात स्थान नव्हते.

साथीचा उद्भव व पहिले उपाय : मांडवी भागात, गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या परिसरात, काखेत वा जांघेत गाठ येऊन ज्वराने रोगी दगावू लागल्याचे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे व महापालिकेचे सभासद होते. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची साथ झाली होती आणि तेथेच येर्सें यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. मुंबईच्या बंदराचा त्या बंदराशी नित्य व्यापार असल्याने निदान असंभाव्य नव्हते. तरीही ते मान्य करण्यास प्रारंभी टाळाटाळ झाली, कारण प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे बंदराचा व्यापार धोक्यात घालणे होते.

महापालिकेचे आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी काढलेल्या जाहीरनाम्याने संशयित रोग्याला सक्तीने रुग्णालयात नेण्याचा अधिकार आरोग्य खात्यास दिला. हे रुग्णालय म्हणजे आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांचे रुग्णालय, आताचे कस्तुरबा रुग्णालय. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली होती. रोगी बहुधा शेवटच्या अवस्थेत नेले जात असल्यामुळे ती अगदीच निराधार नव्हती. २९ ऑक्टोबर रोजी सु. एक हजार गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर हल्ला केला. लगेच सक्ती सैल करण्यात आली.

या माघारीचे जे कारण स्वतः स्नो यांनी आपल्या अहवालात नमूद केले, ते विचार करण्याजोगे आहे. शहरातील शौचकूप साफ करणारे हलालखोर व रस्ते झाडणारे झाडूवाले घाबरून गावी निघून गेले, तर मुंबई राहण्यास अयोग्य होईल, अशी त्यांची भीती होती. हलालखोरांनी काम सोडून जाऊ नये म्हणून त्यांना बांधून ठेवणारा स्वतंत्र कायदा १८९० मध्येच करण्यात आला होता. पण अर्धे शहर पळत असता त्या कायद्याचा धाक कितपत राहणार? ज्या जातींची वस्ती अस्वच्छतेचे आगर म्हणून अहवालांतून वर्णिली जात होती, त्यांच्याच हातांवर शहराची स्वच्छता अवलंबून होती आणि म्हणून त्यांना दुखविणे प्रशासनाला परवडणारे नव्हते. मुंबईच्या आरोग्य प्रशासनाने कामगारवर्गापुढे घेतलेली ही पहिली माघार होय. तिचा उल्लेख पुण्यातील घटनांच्या तुलनेने फारच क्वचित केला जातो.

फेब्रुवारी १८९७ पर्यंत शहरातील सु. निम्मी वस्ती बाहेर पडली. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. ज्यांचे कोकणात वा घाटावर घर होते, ते तिकडे गेले. व्यापाऱ्यांनी उपनगरांत झोपड्या व बंगले घेतले. मजूर दुर्मिळ झाल्यामुळे गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली व काही ठिकाणी रस्त्याच्या नाक्यावर जास्त दराची बोली लावून माणसे मिळवावी लागली. एरवी महिन्याचा पगार अडकवून ठेवणाऱ्या मालकांवर कामगारांनी मिळविलेले हे वर्चस्व अल्पकालीन ठरले. पण त्याची आठवण सरकारी व गिरणीमालकांच्या कागदपत्रांत दीर्घकाळ राहिली.

सक्तीचे पर्व : दरम्यान दबाव बाहेरून आला. यूरोपीय राष्ट्रांनी हिंदुस्थानी मालावर व मक्केच्या यात्रेवर निर्बंध घालण्याची तयारी चालविली. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्याच सुमारास, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथ रोग अधिनियम संमत झाला. हा कायदा अवघ्या काही कलमांचा आहे. पण त्याने सरकारला तपासणी, स्थानबद्धता, घरे पाडणे व प्रवासबंदी यांविषयी जवळजवळ अमर्याद अधिकार दिले आणि सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. मार्चमध्ये मुंबईत ब्रिगेडिअर जनरल डब्ल्यू. एफ. गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात येऊन लोकनियुक्त महापालिकेला बाजूस सारण्यात आले. पुण्यात तीच जबाबदारी डब्ल्यू. सी. रँड यांच्याकडे गेली.

रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना रांगेत उभे करून काखा व जांघा तपासण्यात येत. यूरोपीय प्रवाशांना व वरच्या वर्गाने प्रवास करणाऱ्या प्रतिष्ठितांना या तपासणीत बहुधा सवलत मिळे. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना ती मिळत नसे. तिकिटाच्या रंगावरून रोगाची शक्यता ठरविण्याचा हा प्रकार तत्कालीन अधिकाऱ्यांना विसंगत वाटला नाही, कारण प्लेग हा घाणीचा, दाटीचा व देशी राहणीचा रोग आहे, असे ते गृहीत धरून चालले होते. दूषित ठरलेल्या घरांवर ‘मानवी वस्तीस अयोग्य’ या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगविण्यात आली. घरांची कौले उतरवून आत ऊन घेण्यात आले, भिंतींना चुना लावण्यात आला, कपडेलत्ते जाळण्यात आले, गटारांत समुद्राचे पाणी व कार्बॉलिक सोडण्यात आले.

यांतील बरेचसे उपाय केवळ निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक होते. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग असून मेलेल्या उंदरावरील पिसवा माणसाला चावल्याने तो माणसांत येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. ते मान्य होण्यास सात-आठ वर्षे गेली. परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन व प्लेग संशोधन आयोग यांच्या १९०५ नंतरच्या कामाने ते निर्विवाद ठरले. या दृष्टीने पाहता गटारे धुऊन काढल्याने उंदीर घरांत शिरले आणि रोग्याला घराबाहेर काढल्याने पिसवा घरातच राहिल्या. श्रीमंतांच्या बंगल्यांत प्लेग कमी होता, याचे कारण तेथे धान्याची कोठारे व उंदरांची बिळे माणसांच्या अंथरुणाशेजारी नव्हती. राहणीमानाचा रोगाशी संबंध होता, यात शंका नाही. पण तो अधिकारी समजत होते तसा शरीराच्या वा सवयींच्या मलिनतेचा नव्हता.

पुण्यातील प्रकार सुपरिचित असल्याने त्याचा येथे त्रोटक निर्देश पुरेसा आहे. मार्च ते मे १८९७ मध्ये गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती घेण्यात आली. देवघरे व स्वयंपाकघरे यांत शिरकाव, स्त्रियांची तपासणी व सामानाची नासधूस यांविषयी तक्रारी झाल्या. २२ जून रोजी गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. या घटनांच्या प्रकाशात प्लेगचा इतिहास ‘परकीय सत्ता विरुद्ध देशी समाज’ असा मांडला गेला आणि त्यात तथ्य आहेच. पण या मांडणीत देशी समाजातील भेद झाकले जातात. पेठांतील प्रतिष्ठितांची मुख्य तक्रार घराच्या पावित्र्यभंगाची व सर्व जातींच्या रोग्यांना एकत्र ठेवण्याची होती. टिळकांच्या पुढाकाराने हिंदूंसाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले. मुंबईतही निरनिराळ्या जातींनी व पंथांनी आपापली रुग्णालये उघडली. ज्या जातीकडे धनिक होते, तिला आपले रुग्णालय मिळाले. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांना आर्थर रोड किंवा सरकारी छावणी हाच मार्ग होता. याच काळात सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर उपचार केंद्र चालविले. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे आल्या, त्यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. गावाबाहेरच्या वस्तीतील रोग्यापर्यंत स्वतः होऊन गेल्याची अशी उदाहरणे त्या काळात थोडीच सापडतात.

मुंबईत सक्तीचा शेवट ९ मार्च १८९८ च्या दंग्याने झाला. रिपन रोड भागातील जुलाहा विणकरांनी एका बारा वर्षांच्या मुलीला रुग्णालयात नेण्यास विरोध केला. गोळीबार झाला, यूरोपीयांवर हल्ले झाले आणि पाठोपाठ गोदी व रेल्वे कामगारांनी काम थांबविले. गोदी बंद पडणे ही गोष्ट व्यापारी मंडळाला प्लेगइतकीच गंभीर वाटत होती. त्यानंतर घरी उपचार घेण्यास व खाजगी रुग्णालयांत राहण्यास अधिक मुभा देण्यात आली आणि भर हाफकीन यांच्या ऐच्छिक लशीवर देण्यात आला. ही लस त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली होती.

इतर देशांतील अनुभव : प्लेग जेथे जेथे जहाजाने गेला, तेथे तेथे धोरणाने वंशाची रेषा गाठली, असे दिसून येते. होनोलूलूत २० जानेवारी १९०० रोजी रोगग्रस्त घरे जाळताना आग पसरून चिनी वस्ती भस्मसात झाली. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच वर्षी चिनी वस्तीभोवती दोर बांधताना वस्तीतील गोऱ्यांची दुकाने वगळण्यात आली. न्यायालयाने ही नाकेबंदी पक्षपाती ठरवून रद्द केली. केपटाऊनमध्ये १९०१ साली आफ्रिकी रहिवाशांना शहराबाहेरच्या वसाहतीत हलविण्यात आले आणि साथ ओसरल्यावरही परत येऊ दिले नाही. जोहॅनिसबर्ग येथे १९०४ मध्ये हिंदी मजुरांची वस्ती रिकामी करून जाळण्यात आली. रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत गांधीजी होते. मुंबईत वंशभेदाने इतके उघडे रूप घेतले नाही. येथे देशी धनिकांचा महापालिकेत व व्यापारात वाटा होता आणि शहर त्यांच्या भांडवलावर चालत होते. म्हणून येथे प्लेगने नवी वांशिक वस्ती निर्माण केली नाही. तिने जमिनीचा नवा बाजार निर्माण केला.

सुधार न्यास : मुंबई शहर सुधार न्यास (इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) १८९८ च्या कायद्याने स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढून समुद्राची हवा आत आणणे, अनारोग्यकारक घरे पाडणे, समुद्र हटवून जमीन मिळविणे व गरिबांसाठी घरे बांधणे ही त्याची उद्दिष्टे होती. न्यासावर महापालिकेच्या प्रतिनिधींबरोबर बंदर न्यास, व्यापारी मंडळ व गिरणीमालक संघ यांचे प्रतिनिधी होते. ज्यांची घरे पडावयाची होती, त्या भाडेकरूंचा कोणी नव्हता. नागपाड्याची योजना, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते ही न्यासाची आरंभीची कामे होत. त्याच न्यासाने कुलाब्याला समुद्र हटवून कफ परेडची जमीन सुखवस्तूंच्या निवासासाठी तयार केली, तर दादर-माटुंग्याकडील योजनांतून मध्यमवर्गाला मोकळ्या हवेची उपनगरे मिळाली.

नुकसानभरपाईची पद्धत या योजनांचे मर्म सांगते. घरमालकाला मिळणारी रक्कम घराच्या भाडे-उत्पन्नावरून ठरे. त्यामुळे जितकी खोल्यांत दाटी अधिक, तितके उत्पन्न अधिक आणि तितकी भरपाई अधिक. भाडेकरूला काहीच मिळत नसे. तो शेजारच्या गल्लीत जाऊन तेथील दाटी वाढवी. न्यासाने आग्रीपाडा व इतरत्र चाळी बांधल्या खऱ्या, पण बांधणे नेहमी पाडण्याच्या मागे राहिले. १९०९ नंतर न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ही चूक ओळखली. घरे सरसकट न पाडता त्यांत उजेड व हवा खेळेल एवढीच जागा मोकळी करावी, असा त्यांचा आग्रह होता. खिडकीसमोर इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी जागा मोकळी असावी, असे सांगणारा त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम प्रसिद्ध आहे. साधी भूमिती होती; पण तिने प्रत्येक मालकाचा एखादा मजला किंवा काही खोल्या कमी होत असल्याने घरमालकांनी तिला चिवट विरोध केला. १९३३ मध्ये न्यास महापालिकेत विलीन झाला. त्याच्या परळ येथील चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहत होते, हे मुंबईच्या गृहनिर्माणाच्या इतिहासात सहसा नोंदले जात नाही.

आकडेवारी : धोरणाचा परिणाम मोजण्यास दोन तक्ते पुरेसे आहेत. पहिला १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाचा. मुंबईचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर यांच्या आकड्यांनुसार या साथीतील मृत्युमान दर हजारी यूरोपीयांत ८·३, पारशांत ९·०, मुसलमानांत १९·२, इतर हिंदूंत १८·९ आणि ‘खालच्या जातींच्या हिंदूंत’ ६१·६ होते. इन्फ्ल्यूएंझाला उंदीर लागत नाहीत, गटारे लागत नाहीत. तरीही रोगाने हीच उतरंड पाळली. युरोपीय व पारशी यांच्या आकड्यांतील अंतर नगण्य आहे. खरे अंतर आहे ते या दोघांत व सर्वांत खालच्या थरात. मुंबईत वंशापेक्षा वर्ग व जात यांचा प्रभाव अधिक होता, असे अनुमान यावरून निघते.

दुसरा तक्ता १९२१ च्या बालमृत्यूंचा. दर हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आतील मृत्यू एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत सु. ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ व चार किंवा अधिक खोल्यांत १३३ नोंदले गेले. यांतील पहिला आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व मूल घेऊन परतत. त्यामुळे जन्म गावी नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत. ही सूट दिली तरी खोल्यांच्या संख्येबरोबर मृत्यू घटत जातात, हे उरतेच. १९११ मध्ये शहरातील जवळजवळ ७० टक्के लोक एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते.

शहराभोवती केंद्रित झालेल्या या धोरणाची दुसरी बाजू शहराबाहेर दिसते. मुंबईच्या गिरण्यांना कापूस पुरविणाऱ्या वऱ्हाडात आरोग्य खाते म्हणजे मुख्यतः नगरपालिकांची गावे. १९१८ च्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाडचे मृत्युमान देशातील सर्वाधिक मृत्युमानांपैकी होते. वाशीम हा तेव्हा अकोला जिल्ह्यातील तालुका होता (स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ पासून). रिठदसारख्या खेड्यात अशा साथीत मेलेल्या माणसाची नोंद गावकामगाराच्या वहीत ‘ताप’ या एका शब्दात होई. खेड्यातील मृत्यूमुळे गोदी बंद पडत नव्हती किंवा व्हेनिसला परिषद भरत नव्हती. साहजिकच तेथे सक्तीही झाली नाही आणि उपचारही पोहोचले नाहीत.

उत्तरकाल : १९२० नंतर मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. १९२२ मध्ये महापालिकेचा मताधिकार दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्यांपर्यंत खाली आला. एका खोलीच्या भाडेकरूच्या दृष्टीने ही मर्यादाही उंचच होती. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. तोपर्यंत शहराच्या पाण्याचा, गटारांचा व रुग्णालयांचा आराखडा बराचसा कायम होऊन गेला होता.

१८९७ चा अधिनियम स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने तोच लागू केला आणि मुंबईतील पहिले रुग्ण त्याच आर्थर रोडवरच्या, म्हणजे कस्तुरबा, रुग्णालयात दाखल झाले. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शहराच्या तीन वॉर्डांत ६,९३६ नमुन्यांची रक्ततपासणी केली. संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांत आणि झोपडपट्टीबाहेरील १६ टक्के लोकांत आढळल्या. हे वॉर्ड माटुंगा, चेंबूर व दहिसर या भागांतील होते. पहिल्यात सुधार न्यासाने प्लेगच्या भीतीने मोकळ्या केलेल्या उपनगरांचा काही भाग मोडतो.